आश्रयातून उपजणारे भय : पदकुसलमाणव जातकाचा पुनर्विचार

फौसबोल यांच्या पालि आवृत्तीच्या अनुक्रमाने ४३२ व्या क्रमांकाचे पदकुसलमाणव जातक नवकनिपातात येते. या जातकाचा उल्लेख सामान्यतः दोन कारणांनी होतो. अश्वमुखी यक्षिणीची एक जुनी लोककथा त्याच्या पूर्वार्धात आली आहे, हे एक; आणि पावलांचा माग काढण्याच्या विलक्षण विद्येचे वर्णन त्यात आहे, हे दुसरे. कथेच्या उत्तरार्धात मात्र राजा आणि पुरोहित हेच चोर निघतात व ते उघड सांगण्याचा प्रसंग राजाच्याच सेवेतील एका तरुणावर येतो. राजसत्तेच्या अपराधाची माहिती सत्तेच्या आतल्या माणसाला झाली, तर त्याने काय करावे आणि सत्तेने त्याच्याशी कसे वागावे, हा या जातकाचा खरा विषय आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आजच्या राज्यसंस्थांचे वर्तन पाहता या जातकाचा नव्याने विचार होणे अगत्याचे झाले आहे.

अशा माणसासाठी अलीकडे मराठी वृत्तपत्रांनी 'जागल्या' हा शब्द रूढ केला आहे. आपल्या वाचकांना या शब्दाचा इतिहास सांगावयास नको. गावगाड्यात रात्री जागून गस्त घालणे आणि चोरी झाल्यास पावलांचा माग काढीत तो शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत पोचविणे, ही कामे जागल्या, रामोशी, महार यांच्याकडे असत. माग लागला तर शाबासकी पाटलाची. नाही लागला तर बोल यांच्या माथी. आणि माग पाटलाच्याच वाड्यापाशी जाऊन थांबला तर? गावगाड्याच्या नियमांत या प्रश्नाला उत्तर नव्हते. पदकुसलमाणव जातक नेमका हाच प्रश्न विचारते.

जातकाची मांडणी

कथा थोडक्यात अशी. यक्षिणीच्या पोटी जन्मलेल्या माणवाला आईकडून चिंतामणि नावाची विद्या मिळते. तिच्या बळावर बारा वर्षांपूर्वी उमटलेल्या पावलांचाही माग काढता येतो. वाराणसीचा राजा त्याला रोज एक हजार नाणी देऊन चाकरीस ठेवतो. काही काळाने पुरोहित राजाला म्हणतो, की एवढे द्रव्य आपण देतो, पण याला खरोखर विद्या येते की नाही हे आपल्याला कुठे ठाऊक आहे? दोघे मिळून त्याची परीक्षा घेण्याचे ठरवितात. रात्री ते राजकोशातील रत्ने उचलतात, वाड्याभोवती तीन फेऱ्या घालतात, शिडीने तट ओलांडतात, न्यायसभेत जाऊन बसतात, पुन्हा माघारी येतात आणि रत्ने अंतःपुराच्या पुष्करिणीत ठेवून देतात. दुसऱ्या दिवशी चोरीचा बोभाटा होतो. माणव पावलांच्या मागाने जातो आणि पुष्करिणीतून रत्ने काढून राजापुढे ठेवतो.

येथे कथा संपावयास हवी होती. चोरीचा माल परत मिळाला आणि विद्येची परीक्षाही झाली. पण राजा म्हणतो, माल मिळाला, चोर दाखव. माणव सांगतो, महाराज, चोर दूर नाहीत. आपले धन आपल्याला मिळाले, आता चोराशी काय काम? राजा हट्ट सोडीत नाही. मग माणव एकामागून एक दृष्टान्त सांगतो. ज्या पाण्याने तहानलेल्याचा जीव वाचतो त्यातच बुडून एक नट मरतो. ज्या मातीवर कुंभाराचे पोट चालते ती खणताना तीच अंगावर कोसळून तो गाडला जातो. ज्या अग्नीवर अन्न शिजते तोच अंग भाजतो. अन्न, वारा, पक्ष्यांना थारा देणारे झाड, हौसेने घरात आणलेली सून, पोटचा पुत्र अशी ही मालिका वाढत जाते. जे रक्षण करते त्याच्यापासूनच भय उपजले, हे प्रत्येक दृष्टान्ताचे तात्पर्य आहे. राजाला ते कळत नाही, किंवा कळूनही तो प्रत्येक वेळी एवढेच म्हणतो, की चोर दाखव.

या दृष्टान्तांना केवळ अलंकार समजणे चुकीचे ठरेल. रचनेच्या दृष्टीने पाहिल्यास प्रत्येक दृष्टान्त ही राजाला दिलेली एकेक संधी आहे. माणवाला राजाचा पाडाव करावयाचा नाही. तो राजाला वाचवू पाहतो. आपल्या सेवकाने आपला दोष जाणला आहे आणि तो झाकून आपल्याला सावरण्यास वाव देत आहे, हे ओळखण्याइतका विवेक राजाजवळ असता तर राजा वाचला असता. सत्तेतील दोष सांगणारा माणूस हा सत्तेचा वैरी असतो, ही समजूत या जातकाने मुळातच खोडून काढली आहे. चोर कोण हे बोलून दाखविणारा माणव त्या सभेत राजाचा अखेरचा हितकर्ता होता.

आणखी एक बारकावा नोंदविण्यासारखा आहे. चोरी करताना राजा आणि पुरोहित न्यायसभेत जाऊन बसतात. कथेच्या ओघाला या तपशिलाची गरज नव्हती. पावलांचा माग अधिक बिकट व्हावा एवढाच त्याचा दर्शनी उपयोग. परंतु जेथे चोरांचा निवाडा व्हावयाचा तेथेच चोर आधी बसून गेले, हे चित्र वाचकाच्या मनातून जात नाही.

गाथा काय म्हणतात, अट्ठकथा काय म्हणते

जातकांच्या अभ्यासात एक भेद नेहमी पाळावा लागतो. गाथा हा तिपिटकाचा भाग आहे. त्यांभोवतीचे गद्य अट्ठकथेचे, म्हणजे उत्तरकालीन आहे. या जातकाच्या बाबतीत हा भेद निर्णायक ठरतो.

अट्ठकथेचे वर्तमानकथानक, म्हणजे पच्चुप्पन्नवत्थु, सावत्थीतील एका सात वर्षांच्या मुलाविषयी आहे. तो पावलांचा माग काढण्यात निष्णात होता. त्यावरून बुद्धांनी पूर्वजन्मीची कथा सांगितली अशी ही जोडणी आहे. या चौकटीमुळे संपूर्ण जातक कौशल्याची कथा होऊन बसते. राजाचा अपराध दुय्यम ठरतो आणि विद्येची करामत पुढे येते. अट्ठकथाकाराने येथे विषयाची धार बोथट केली आहे, असे म्हणणे भाग आहे.

शेवट तर याहून महत्त्वाचा. राजा ऐकत नाही असे पाहून माणव जमलेल्या नागरिकांना आणि जनपदवासीयांना उद्देशून सांगतो, की राष्ट्र लुटणारे राजा आणि पुरोहित हेच आहेत. गाथा येथे लोकांना एकच उपदेश करते : स्वतःचे रक्षण स्वतः करा, 'अत्तगुत्त' होऊन राहा. गाथा इथेच थांबते. पुढचा भाग अट्ठकथेच्या गद्यातला. लोक चिडतात, राजाला आणि पुरोहिताला मारून टाकतात आणि माणवाला सिंहासनावर बसवितात.

या दोन शेवटांत मोठे अंतर आहे. गद्यातला शेवट ऐकणाऱ्याला क्षणभर समाधान देतो, पण त्यातून काहीच सिद्ध होत नाही. वाईट राजा गेला, चांगला राजा आला. उद्या त्या चांगल्या राजानेही शिडी लावून तट ओलांडला तर त्याचा माग काढणाऱ्याचे काय होईल? व्यक्ती बदलली, व्यवस्था आहे तशीच राहिली. गाथेने सुचविलेली दिशा वेगळी आहे. 'अत्तगुत्त' या शब्दात राज्याच्या रक्षणावर आंधळेपणाने न विसंबता लोकांनी स्वतः जागे राहण्याची अपेक्षा आहे. गाथेत राजाच्या आश्रयासाठी 'सरण' हाच शब्द आला आहे, जो आपण वंदनेत तीन वेळा उच्चारतो. पालि 'सरण' म्हणजे निवारा, रक्षणाचे ठिकाण. मराठीतील 'शरण जाणे' या प्रयोगातली हार त्यात नाही. राज्य हा निवारा असू शकतो, पण तो पारखून घ्यावयाचा निवारा आहे.

जातककथा 'सिद्धार्थ जातक' या नावाने सात खंडांत मराठीत आणल्या त्या दुर्गा भागवतांनी. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीतील मुस्कटदाबीचा निषेध करणाऱ्या आणि १९७६ मध्ये त्यापायी तुरुंगात गेलेल्या विदुषीही त्याच, ही गोष्ट या जातकाच्या मराठी वाचकाने विसरू नये.

अनुमानसुत्तातील 'दुब्बच'

जातकातील राजा चोदकाशी कसा वागतो हे आपण पाहिले. चोदक म्हणजे दोष दाखविणारा, आणि ज्याचा दोष दाखविला जातो तो चुदितक. या दोघांच्या संबंधाचे शास्त्र मज्झिमनिकायातील पंधराव्या, अनुमानसुत्तात आढळते. भग्गांच्या देशात, सुंसुमारगिर येथे महामोग्गल्लान स्थविरांनी भिक्खूंना केलेला हा उपदेश आहे. आरंभीच त्यांनी एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. एखादा भिक्खु इतरांना निमंत्रण देतो, की मला माझे दोष सांगा. परंतु तो 'दुब्बच' असेल, म्हणजे त्याला काही सांगणे अवघड असेल, तर सहब्रह्मचारी त्याला काही सांगत नाहीत आणि त्याच्यावर विश्वासही ठेवीत नाहीत. निमंत्रण कोरडे राहते. तक्रारपेट्या भिंतीवर टांगून तक्रारदाराची पाठ मोकळी ठेवणाऱ्या कोणत्याही शासनाचे वर्णन याहून नेमके करता येणार नाही.

दुब्बचाची सोळा लक्षणे सुत्तात आली आहेत. त्यांपैकी चार येथे आपल्या कामाची आहेत. दोष दाखविला असता तो चोदकावर उलटून येतो ('पटिप्फरति'). चोदकाला हिणवतो ('अपसादेति'). दोष चोदकाच्याच अंगावर टाकतो ('पच्चारोपेति'). आणि भलताच विषय काढून मूळ प्रश्न टाळतो ('पटिचरति'). या चारही वागणुकींच्या मुळाशी एकच खोड आहे. सांगितलेले खरे की खोटे, या प्रश्नाच्या जागी सांगणारा कोण, हा प्रश्न आणून बसविला जातो.

१९७१ : तट ओलांडणारे राजपुरुष

ही चारही लक्षणे एकाच प्रकरणात पाहावयाची असतील तर अमेरिकेतील डॅनियल एल्सबर्ग यांचे प्रकरण घ्यावे. व्हिएतनाममधील अमेरिकेच्या धोरणाचा एक गुप्त इतिहास संरक्षणमंत्री मॅकनमारा यांनी १९६७ मध्ये लिहावयास घेतला होता. त्याचे ४७ खंड आणि सुमारे सात हजार पाने झाली. ट्रूमनपासून जॉन्सनपर्यंतच्या राष्ट्राध्यक्षांनी युद्धाविषयी जनतेची दिशाभूल केली, हे त्यातून दिसत होते. या अभ्यासात स्वतः काम केलेल्या एल्सबर्ग यांनी १९६९ मध्ये त्याच्या प्रती काढल्या. १३ जून १९७१ पासून 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्यातील मजकूर छापण्यास सुरुवात केली. शासनाने छपाई थांबविण्याचा प्रयत्न केला, पण ३० जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी वृत्तपत्रांच्या बाजूने कौल दिला.

मजकूर खोटा आहे, असे शासनाला म्हणता येत नव्हते. तो शासनानेच लिहविलेला होता. मग जे घडले ते अनुमानसुत्ताच्या अनुक्रमाने वाचावे. शासन चोदकावर उलटले : १९१७ च्या हेरगिरीविरोधी कायद्याखाली खटला भरला गेला आणि सर्व आरोप मिळून ११५ वर्षांपर्यंत तुरुंगवासाची शक्यता निर्माण झाली. दोष चोदकावर टाकला गेला : राष्ट्राला फसविणारे मोकळे राहिले आणि फसवणूक दाखविणाऱ्यावर चोरीचा आरोप आला. विषय बदलला गेला : युद्धाऐवजी राष्ट्राच्या सुरक्षिततेची चर्चा सुरू झाली. आणि चोदकाला हिणविण्यासाठी सामग्री हवी म्हणून सप्टेंबर १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाशी संबंधित एका गुप्त पथकाने एल्सबर्ग यांच्या मनोविकारतज्ज्ञाच्या दवाखान्यात घरफोडी केली. माणूस मनाने दुबळा आहे असे दाखविता आले, तर त्याने आणलेली कागदपत्रेही दुबळी ठरतील, असा हिशेब त्यामागे होता.

रात्री शिडी लावून तट ओलांडणारा वाराणसीचा राजा आणि हे राजपुरुष यांच्यात फरक एवढाच, की राजाला निदान विद्येची परीक्षा घेण्याचे निमित्त होते. खटला चालू असताना न्यायाधीशांना एका मोठ्या सरकारी पदाविषयी विचारणा झाली होती, हेही पुढे बाहेर आले. ११ मे १९७३ रोजी न्यायाधीश बर्न यांनी शासनाच्या गैरवर्तनामुळे सर्व आरोप रद्द केले. ज्या पथकाने ही घरफोडी केली त्यातील माणसे वॉटरगेट प्रकरणातही सापडली आणि ९ ऑगस्ट १९७४ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पद सोडावे लागले. येथे राजाला मारण्याची वेळ लोकांवर आली नाही, कारण न्यायसभा अजून चोरांच्या ताब्यात पूर्णपणे गेली नव्हती. अट्ठकथेला न सुचलेला शेवट तो हा.

गया, २००३

आता आपल्या देशातील प्रकरण पाहू. ते बोधगयेपासून काही कोसांवर, गया शहरात घडले. सत्येंद्र दुबे हे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात काम करणारे तरुण अभियंता. सुवर्ण चतुष्कोन मार्गाच्या बिहार-झारखंडातील कामात त्यांना गंभीर गैरप्रकार दिसले. नोव्हेंबर २००२ मध्ये त्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती केली. पत्र नावासह संबंधित मंत्रालयाकडे आणि तेथून प्राधिकरणाकडे गेले. ज्यांच्या कारभाराविषयी तक्रार होती त्यांच्याच दारात तक्रारदाराचे नाव पोचले. २७ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे, वाराणसीहून एका लग्नसमारंभाहून परतताना, गया येथे त्यांची गोळी घालून हत्या झाली. तेव्हा ते केवळ तीस वर्षांचे होते.

२०१० मध्ये न्यायालयाने या हत्येबद्दल तिघांना दोषी ठरविले. हत्या लुटीच्या प्रयत्नात झाली असा तपासयंत्रणेचा निष्कर्ष होता. तो निष्कर्ष जसाच्या तसा मान्य केला, तरी पत्राच्या प्रवासाचा दोष धुतला जात नाही. येथे कोणा राजाचा हट्ट दिसत नाही, कोणी घरफोडी करीत नाही. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकते, शेरे मारले जातात आणि गुप्ततेची विनंती शेऱ्यांखाली दडपली जाते. सूडबुद्धीने केलेला छळ निदान ओळखता येतो. अशा निर्विकार बेपर्वाईत कोणाचेच पाऊल उमटलेले दिसत नाही. तिचा माग काढण्यास चिंतामणि विद्याही अपुरी पडावी.

या प्रकरणानंतर सर्वोच्च न्यायालयाने विचारणा केली आणि २१ एप्रिल २००४ रोजी केंद्र शासनाने माहिती देणाऱ्यांच्या संरक्षणाचा ठराव काढून केंद्रीय दक्षता आयोगाकडे हे काम सोपविले. पुढे संरक्षणाचा कायदा झाला. राज्यसभेने त्याला फेब्रुवारी २०१४ मध्ये संमती दिली, मे २०१४ मध्ये राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. परंतु कायदा लागू करणारी अधिसूचना त्यानंतरच्या दहा वर्षांत निघाली नाही. उलट २०१५ मध्ये लोकसभेने मंजूर केलेल्या दुरुस्ती विधेयकात संरक्षणाच्या कक्षेतून अनेक प्रकारची माहिती वगळण्याची आणि १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाची टांगती तलवार पुन्हा माहिती देणाऱ्याच्या डोक्यावर ठेवण्याची तरतूद होती. ते विधेयक राज्यसभेत मंजूर झाले नाही आणि २०१९ मध्ये लोकसभेच्या मुदतीबरोबर संपले. मूळ कायदा ग्रंथालयाच्या कपाटात राहिला. सुत्तातले कोरडे निमंत्रण ते हेच.

विनयाने केलेली तजवीज

यावर बौद्ध परंपरेजवळ उपदेशापलीकडे काही आहे काय? आहे, आणि ते उपदेशांच्या संग्रहापेक्षा विनयपिटकात अधिक आहे. वर्षावासाच्या अखेरीस आश्विन पौर्णिमेला होणारी पवारणा हा त्याचा गाभा. पाहिलेल्या, ऐकलेल्या किंवा शंका आलेल्या अशा तिन्ही प्रकारच्या दोषांविषयी मला सांगा, असे प्रत्येक भिक्खु संघाला विनवितो. महावग्गाच्या नियमानुसार ही विनवणी सर्वांत ज्येष्ठ स्थविराने प्रथम करावयाची, तीही उकिडवे बसून आणि हात जोडून. संयुत्तनिकायातील पवारणासुत्तात तर सावत्थीच्या पुब्बारामात पाचशे भिक्खूंसमोर स्वतः भगवान बुद्ध आपल्या कायिक-वाचिक वर्तनात काही दोष दिसतो काय, असे विचारतात. सर्वोच्च स्थानी असलेल्यानेच आधी विचारावे, हे या विधीचे मर्म आहे.

विनयाने चोदकालाही मोकाट सोडलेले नाही. योग्य वेळी, खरे तेच, सौम्य शब्दांत, हितासाठी आणि मैत्रीने बोलावे अशा पाच अटी चुल्लवग्गात आहेत. दब्ब मल्लपुत्त यांच्यावर खोटा आळ घेतला गेला तेव्हा निराधार आरोप करणे हा संघादिसेस अपराध ठरला. पण त्याच संघादिसेसांत बारावा अपराध दुब्बच भिक्खूचा आहे. छन्न भिक्खु सिद्धार्थाच्या घरापासूनच्या सोबतीचा अभिमान मिरवीत असे आणि मला कोणी काही सांगू नये असे म्हणे. त्याच्यामुळे हा नियम झाला. चौकशीत भलतीच उत्तरे देणे किंवा मुद्दाम मौन धरून संघाला त्रास देणे हेही पाचित्तियांत गणले गेले आहे, आणि त्या नियमालाही छन्नच कारण झाला. म्हणजे खोटा आरोप करणे जितका दोष, तितकाच खरा आरोप ऐकून न घेणे हाही दोष. आधुनिक कायद्यांनी पहिली बाजू तत्परतेने उचलली. दुसरी बाजू, म्हणजे सांगणाऱ्यावर उलटणे हाच स्वतंत्र अपराध मानणे, त्यांना अजून जड जाते.

बौद्ध म्हणविणारे राज्य या दोषापासून मुक्त असते, असा भ्रम मात्र आपण बाळगू नये. ब्रह्मदेशाच्या लष्करी शासनाने विहारांना दाने दिली, भिक्खूंना पदव्या दिल्या. ऑगस्ट २००७ मध्ये इंधनाचे दर अकस्मात वाढले आणि लोकांचे हाल झाले तेव्हा भिक्खु रस्त्यावर आले. ५ सप्टेंबर रोजी पखोक्कू येथे सैनिकांनी त्यांना मारहाण केली. माफीची मागणी झाली; माफी मिळाली नाही. तेव्हा भिक्खूंनी चुल्लवग्गातील पत्तनिक्कुज्जन कर्माचा आधार घेऊन लष्करी अधिकाऱ्यांची भिक्षा नाकारली आणि मेत्तसुत्त म्हणत मोर्चे काढले. पात्र पालथे करणे म्हणजे दात्याला पुण्याची संधी नाकारणे. हे कर्म परत फिरविता येते, हे त्याचे वैशिष्ट्य. ज्या वड्ढ लिच्छवीवर ते प्रथम झाले, त्याने दोष कबूल करताच संघाने पात्र पुन्हा उताणे केले. पदकुसलमाणवाच्या दृष्टान्तांप्रमाणे हीसुद्धा राजाला दिलेली संधीच होती. शासनाचे उत्तर ठरलेले आले. हे खरे भिक्खूच नव्हेत, बनावट भिक्खु आहेत, असे सरकारी वृत्तपत्रांनी सांगितले. हे 'अपसादेति' झाले. २६ सप्टेंबरपासून बळाचा वापर सुरू झाला. संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिनिधींनी किमान ३१ मृत्यू नोंदविले. आंदोलनातील एक पुढारी भिक्खु गंभीर यांना २००८ मध्ये ६८ वर्षांची शिक्षा झाली आणि २०१२ मध्ये सुटका मिळाली. वंदनीय चीवर अंगावर असूनही चोदकाला संरक्षण मिळाले नाही, कारण राज्याने विहारांना दान दिले होते, पवारणा दिली नव्हती.

बाबासाहेबांचे संकेत

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी भिक्खुसंघाच्या कार्यपद्धतीत संसदीय नियम कसे पूर्णपणे ज्ञात होते याचा आवर्जून उल्लेख केला : प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान, निर्णीत विषय पुन्हा न काढण्याचा नियम. ञत्ति, कम्मवाचा, सलाका या विनयातील संज्ञा डोळ्यांसमोर ठेवून ते भाषण वाचावे. त्यांनी सांगितलेल्या या यादीच्या शेजारी पवारणा ठेवली, की ती यादी पूर्ण होते असे मला वाटते. मतदानाने बहुमत कळते. पण बहुमताचा दोष कळण्यासाठी पवारणाच लागते. त्याच भाषणात बाबासाहेबांनी रक्तरंजित मार्ग सोडून देण्यास सांगितले आणि राजकारणातील भक्ती ही अधोगतीची व हुकूमशाहीची वाट आहे असेही बजावले. अट्ठकथेतला राजाला मारणारा जमाव आणि राजापुढे मान तुकविणारा जमाव, दोघांनाही हा इशारा आहे. संविधानाचे मार्ग खुले असतील तरच जमावाला दूर ठेवता येते. म्हणून चोदकाचे तोंड बंद करणारे शासन स्वतःच्या हाताने अट्ठकथेचा शेवट जवळ आणीत असते.

बाबासाहेबांना स्वतःलाही याचा अनुभव आला. हिंदू संहिता विधेयक बाजूला पडल्यावर त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. ऑक्टोबर १९५१ मध्ये संसदेत ते निवेदन करावयास उभे राहिले असता, निवेदनाची प्रत आधी सादर करावी असा आग्रह धरण्यात आला. बोलण्याआधी परवानगी घेण्यास त्यांनी नकार दिला, ते सभागृहाबाहेर पडले आणि निवेदन त्यांनी वृत्तपत्रांच्या हाती दिले. दृष्टान्त संपल्यावर माणवाने जसे जमलेल्या लोकांना सांगितले, तसेच हे घडले.

शेवटी एक गोष्ट आपल्या घरची. शासनाकडे बोट दाखविणे सोपे असते. आपले विहार, न्यास, शिक्षणसंस्था आणि संघटना यांतून हिशेब विचारणाऱ्या तरुणाला आपण काय म्हणतो? तू कोणाच्या सांगण्यावरून बोलतोस, चळवळीला बदनाम करतोस, तुझे स्वतःचे योगदान किती? ही तिन्ही वाक्ये अनुमानसुत्तातील दुब्बचाची आहेत. आश्विन पौर्णिमेला अनेक ठिकाणी पवारणेचा विधी होतो, वंदना होते, भोजनदान होते; पदाधिकाऱ्यांनी उपासकांपुढे उभे राहून आमचे दोष सांगा असे म्हटल्याचे मात्र सहसा ऐकिवात नाही. विधीचा अर्थ ज्यांना कळतो त्यांनी तो आपल्या सभेच्या कामकाजात आणावा. वार्षिक सभेत हिशेब वाचून झाल्यावर अध्यक्षांनी प्रथम उभे राहून पाहिलेले, ऐकलेले, शंका आलेले असे सर्व दोष विचारावेत. जो बोलेल त्याचे नाव सभेच्या नोंदीत सन्मानाने यावे. आणि त्याच्यावर जो उलटेल त्याच्या वर्तनाची चर्चा प्रथम व्हावी. एवढे झाले तर शासनाकडे हाच कायदा मागण्याचा आपला अधिकार अधिक बळकट होईल. जागल्या आपल्यातच जन्मला होता. निदान आपल्या शिवेत तरी त्याला माग शेवटपर्यंत नेता आला पाहिजे.